एम.एस्सी. गणित: प्रवेशाआधीचे पाच महिने

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. २०१८ साली तुम्ही गणित हा मुख्य विषय घेऊन तीन वर्षांची बी.एस्सी. ५८ टक्के गुणांनी पूर्ण केली. पुढे लग्न झाले, मुलगी झाली, आणि आज सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तुम्ही आठवी ते दहावीच्या मुलांचे गणिताचे वर्ग घेता. मुलगी आता चार वर्षांची आहे, एम.एस्सी.चे वर्ग चालणारे महाविद्यालय एसटीने पाऊण तासाच्या अंतरावर आहे आणि येत्या जूनमध्ये प्रवेश घ्यावा असे तुमच्या मनात आहे. पदवीसाठी नेमके काय काय पूर्ण करावे लागते, मधल्या वर्षांचा खंड आड येतो का, एम.एस्सी. आता एकाच वर्षाची झाली हे खरे का, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला ते झेपेल का आणि सासरे म्हणतात तसे त्याऐवजी बी.एड. करावे का, असे तुमचे प्रश्न आहेत. पत्राच्या शेवटी मात्र तुम्ही एक वाक्य लिहिले आहे: ‘सिद्धता पाठ करून पास झाले, त्यातल्या समजल्या किती ते माझे मलाच ठाऊक.’ मी तीस वर्षे एम.एस्सी.च्या वर्गांना शिकवले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हे वाक्य महत्त्वाचे आहे. नियमांबद्दलच्या शंकांची उत्तरे आधी देतो आणि मग त्या वाक्याकडे येतो.

एका वर्षाच्या एम.एस्सी.बद्दल तुम्ही ऐकलेत ते अर्धे खरे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ज्यांनी चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली आहे, त्यांना पदव्युत्तर पदवी एका वर्षात मिळू शकते, कारण त्यांचे चौथे वर्ष पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या तोडीचे मानले जाते. तुमची पदवी तीन वर्षांची आहे, त्यामुळे तुम्हाला दोन वर्षे, म्हणजे चार सत्रे, पूर्ण करावी लागतील. मात्र पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण करून काही कारणाने थांबावे लागले, तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आता आहे. घरची जबाबदारी असलेल्या विद्यार्थिनीसाठी ही सोय मोलाची आहे, कारण पूर्वी एक वर्ष शिकून शिक्षण सोडणाऱ्या मुलीच्या हाती गुणपत्रिकांखेरीज काहीच राहत नसे.

आता पदवीच्या रचनेकडे वळू. महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३पासून लागू झालेल्या आराखड्यानुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीसाठी ८८ श्रेयांक, बोलीभाषेत क्रेडिट, मिळवावे लागतात. प्रत्येक सत्राला २२. त्यांपैकी ५४ श्रेयांक मुख्य विषयाच्या अनिवार्य पेपरांचे, १६ श्रेयांक ऐच्छिक पेपरांचे, ४ संशोधनपद्धतीचे, ४ प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे किंवा क्षेत्रप्रकल्पाचे आणि उरलेले १० संशोधनप्रकल्पाचे असतात. संशोधनपद्धती पहिल्या सत्रात येते, प्रत्यक्ष कामाचा अनुभव दुसऱ्या सत्रात, आणि प्रकल्पाचे १० श्रेयांक तिसऱ्या व चौथ्या सत्रांत अनुक्रमे ४ आणि ६ असे विभागलेले असतात. कोणत्या सत्रात कोणता पेपर शिकवायचा आणि अंतर्गत मूल्यमापनाला किती गुण ठेवायचे, हे विद्यापीठागणिक बदलते. म्हणून तुमच्या महाविद्यालयाचे विद्यापीठ कोणते आहे ते पाहून त्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा चालू अभ्यासक्रम उतरवून घ्या. दुसऱ्या विद्यापीठात शिकणाऱ्या मैत्रिणीच्या सांगण्यावर विसंबू नका.

या आकड्यांचा तुमच्या दिवसावर काय परिणाम होईल ते नीट समजून घ्या. लेखी पेपराचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात १५ तासांचे अध्यापन, म्हणजे चार श्रेयांकांच्या एका पेपरासाठी ६० तास. सत्र साधारण १५ आठवड्यांचे धरले, तर २२ श्रेयांकांसाठी आठवड्याला किमान २२ तास वर्गात बसावे लागते, आणि प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकाला दुप्पट तास लागत असल्याने प्रत्यक्षात हा आकडा थोडा वाढतोच. त्यात जाण्या-येण्याचा दीड तास रोजचा. गणितात वर्गातल्या एका तासामागे घरी निदान एक तास स्वतः लिहीत बसावे लागते, आणि हे मी कमीत कमी सांगतो आहे. सर्वसाधारणपणे ७५ टक्के उपस्थितीची अट असते, आणि गणिताच्या बाबतीत ती अट मला योग्यही वाटते, कारण बुडालेल्या तीन तासांतली एखादी व्याख्या पुढचे तीन आठवडे छळत राहते. तेव्हा दिवसभराचे वर्ग आणि नियमित एम.एस्सी. या दोन्ही गोष्टी पूर्ण ताकदीने एकाच वेळी चालवता येतील असे समजू नका. संध्याकाळची एक तुकडी ठेवा आणि बाकीच्या तुकड्या दोन वर्षांसाठी सोडा. त्यामुळे घरात किती पैसे कमी येतील, याचा हिशेब घरातल्यांसमोर आजच मांडा. ऑक्टोबरात, परीक्षेच्या तोंडावर, तो विषय निघाला तर शिक्षण थांबते, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

नियमित वर्ग अशक्यच ठरले, तर दूरस्थ शिक्षणाचा मार्ग खुला आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गणिताची एम.एस्सी. चालवते आणि इग्नूचा गणित व त्याचे संगणकशास्त्रातील उपयोजन असा स्वतंत्र एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाने त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला मान्यता दिलेली असेल, तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते; म्हणून पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या यादीत संस्थेचेच नव्हे तर अभ्यासक्रमाचेही नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तरीही तुमच्या त्या शेवटच्या वाक्यामुळे मी तुम्हाला नियमित वर्गच सुचवतो. ज्याला सिद्धता लिहिता येतात तो घरी बसून पुस्तकावरून एम.एस्सी. करू शकतो, ज्याला त्या लिहायला शिकायच्या आहेत त्याला फळ्यासमोर उभे करून ‘हे का?’ असे विचारणारे माणूस लागते.

मधल्या वर्षांच्या खंडाची भीती बाळगू नका. प्रवेशासाठी वयाची अट आड येत नाही आणि मधल्या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता असे प्रतिज्ञापत्र दिले की गॅप सर्टिफिकेटची गरज भागते. त्याहून अधिक त्रास नावाचा होतो. तुमच्या गुणपत्रिकांवर माहेरचे नाव असेल आणि आधारवर सासरचे, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदल हाताशी ठेवा, कारण महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना या एका कारणाने अर्ज अडकून पडतात. तुमच्या पदवीचे विद्यापीठ वेगळे असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, लागेल; ते मिळायला वेळ लागतो, म्हणून एप्रिलमध्येच मागवा. श्रेयांक आता ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमच्या खात्यावर जमा होतात आणि कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. मध्येच एखादे वर्ष थांबावे लागले तर केलेले काम वाया जात नाही, ही गोष्ट घरच्यांनाही सांगा.

बी.एड.बद्दल तुमच्या सासऱ्यांचे म्हणणे चुकीचे नाही, आणि तुम्ही ते विरोध म्हणून ऐकू नये. नववी-दहावीला शाळेत शिकवायचे असेल तर बी.एस्सी. आणि बी.एड. हाच सरळ रस्ता आहे, एम.एस्सी.ची गरज नाही. अकरावी-बारावीला, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात, शिकवायचे असेल तर त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. अशा दोन्ही लागतात. वरिष्ठ महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक व्हायचे असेल तर बी.एड. लागत नाही, पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना ५० टक्के) आणि त्यावर नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तुम्ही पत्रात ‘कॉलेजात शिकवायचे आहे’ इतकेच लिहिले आहे. कनिष्ठ की वरिष्ठ, हे आधी ठरवा, कारण पहिल्या उत्तराला एकूण चार वर्षे लागतात आणि दुसऱ्याला दोन वर्षे अधिक नेट-सेटची तयारी, जी काहींना सहा महिन्यांत जमते आणि काहींना तीन वर्षांत. दोन्ही वाटा एम.एस्सी.तून जातात, म्हणून आधी एम.एस्सी. करण्याचा तुमचा विचार मला योग्य वाटतो. मात्र ५५ टक्क्यांचा तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. ५३ टक्क्यांनी एम.एस्सी. झालेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला नेटचा अर्जसुद्धा भरता येत नाही, आणि हे दार पहिल्या सत्रातील एक-दोन पेपरांमुळेच बंद होते. नंतरच्या सत्रांत चांगले गुण मिळवूनही ती तूट भरून न आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

तुमच्या ५८ टक्क्यांवर राज्यातील बहुतेक महाविद्यालयांत प्रवेश मिळायला अडचण येऊ नये. काही विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांत मात्र प्रवेश परीक्षा असते. आयआयटीसाठी जॅम ही परीक्षा द्यावी लागते. ती फेब्रुवारीत होते आणि अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात सुरू होतात, त्यामुळे यंदाची संधी गेली आहे. तुम्ही गाव सोडून जाणार नसलात तरी जॅमच्या मागील वर्षांच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावरून उतरवून घ्या. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण आणि विषय सगळे बी.एस्सी.चेच, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या बी.एस्सी.त नेमकी कुठे भोके राहिली आहेत हे या प्रश्नपत्रिकांइतके स्पष्ट दाखवणारे दुसरे साधन मला माहीत नाही.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो.

माझ्या वर्गात दर वर्षी सत्तर-ऐंशी टक्के गुणांनी बी.एस्सी. झालेली काही मुले-मुली पहिल्या सत्रात रिअल ॲनालिसिसमध्ये नापास होत, आणि ती आळशी नसत. त्यांच्या वह्या सुंदर असत. त्यांनी प्रमेये तोंडपाठ केलेली असत. पण प्रश्नात एखादी अट बदलली, ‘बंद अंतराळ’ (दोन संख्यांमधला पट्टा, दोन्ही टोके धरून) याऐवजी ‘खुले अंतराळ’ (टोके वगळून) असे आले, तर त्यांना काय करावे ते सुचत नसे, कारण सिद्धतेत ती बंद असण्याची अट नेमकी कोणत्या ओळीत वापरली आहे, हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसे. एम.एस्सी. गणिताची खरी अट ही आहे: दिलेल्या व्याख्येपासून सुरुवात करून, प्रत्येक ओळीचे कारण सांगत, स्वतःच्या हाताने सिद्धता लिहिता येणे. ही अट कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते, पण रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी, टोपॉलॉजी, मेजर थिअरी, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, फंक्शनल ॲनालिसिस, फील्ड थिअरी या सगळ्या पेपरांची ती एकच अट आहे. ५४ श्रेयांकांचे अनिवार्य पेपर त्या एका कौशल्यावर उभे आहेत, आणि ते कौशल्य जूनपूर्वीच्या पाच महिन्यांत कमावता येते.

कसे, ते एका उदाहरणाने दाखवतो. ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे’ आणि ‘अशी एक किल्ली आहे की जी प्रत्येक कुलपाला लागते’ ही दोन वाक्ये वाचा. शब्द जवळपास तेच आहेत. ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांचा क्रम तेवढा उलटा झाला आहे, आणि अर्थामध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडला आहे. पहिल्या वाक्यात जितकी कुलपे तितक्या किल्ल्या असू शकतात, दुसऱ्यात एकच किल्ली घरभर चालते. फलनाचे सातत्य आणि एकसमान सातत्य यांत हाच फरक आहे. सातत्यात एप्सिलॉन, म्हणजे फलनाच्या मूल्यात चालणारा फरक, दिल्यावर प्रत्येक बिंदूसाठी एक डेल्टा, म्हणजे क्ष किती हलवता येईल ते अंतर, मिळतो आणि बिंदू बदलला की तो बदलू शकतो. एकसमान सातत्यात एकच डेल्टा सगळ्या बिंदूंना पुरतो. आता क्ष चा वर्ग हे साधे फलन घ्या. क्ष १ असताना तो ०.०१ ने वाढवला, तर वर्ग ०.०२०१ ने वाढतो. क्ष १००० असताना तोच ०.०१ ने वाढवला, तर वर्ग २०.०००१ ने वाढतो. आणखी पुढे जाल तशी ही वाढ कितीही मोठी करता येते, म्हणून सगळ्या वास्तव संख्यांवर एकच किल्ली चालणार नाही: हे फलन सतत आहे, पण एकसमान सतत नाही. आता हेच फलन ० ते १ या बंद अंतराळावर घ्या आणि तिथे एकच डेल्टा का पुरतो ते स्वतः लिहून काढा. हे तुम्हाला कागदावर जमले, तर पहिल्या सत्रातील ॲनालिसिसच्या पेपराचा पाया तुमच्याकडे आहे असे समजा.

माध्यमाच्या प्रश्नाचे उत्तरही याच उदाहरणात आहे. कुलूप-किल्लीची ती दोन वाक्ये तुम्ही मराठीत क्षणात समजून घेतलीत, आणि गणित तिथेच घडले. व्याख्या इंग्रजीत वाचा, इंग्रजीतच लिहा, कारण परीक्षा आणि पुस्तके त्याच भाषेत आहेत. पण प्रत्येक व्याख्या एकदा मोठ्याने मराठीत स्वतःला सांगा. ‘प्रत्येक अमुकसाठी असा एक तरी तमुक सापडतो की’ या साच्यात ती बसवा. एम.एस्सी.च्या पुस्तकांतील इंग्रजी मोजक्या दोनशे-तीनशे शब्दांचे असते आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. दोन महिन्यांत ते अंगवळणी पडतात. मराठी माध्यमातून आलेली मुले माझ्या वर्गात इंग्रजीमुळे मागे पडली, असे मला क्वचितच दिसले. मागे पडली ती शंका विचारण्याच्या संकोचामुळे, आणि तुम्ही स्वतः शिक्षिका असल्याने संकोच करणाऱ्या मुलाचे किती नुकसान होते हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

पाच महिन्यांचा अभ्यास मी असा करायला सांगेन. पहिले दोन महिने फक्त वास्तव संख्या, क्रमिका आणि सातत्य. क्रमिकेच्या सीमेची व्याख्या न पाहता लिहा. मग ‘ही क्रमिका या संख्येकडे जात नाही’ हे वाक्य एप्सिलॉनच्या भाषेत लिहा. या दुसऱ्या वाक्यात निम्मे विद्यार्थी चुकतात, कारण ‘प्रत्येक’चा नकार ‘असा एक तरी’ होतो हे कुणी त्यांच्याकडून लिहून घेतलेले नसते. त्यानंतर क्ष चा पहिला घात, दुसरा घात, तिसरा घात अशी फलनांची क्रमिका ० ते १ या अंतराळावर पाहा: क्ष १ पेक्षा लहान असला तर घात वाढत जाताना मूल्य ० कडे जाते, पण १ वर ते १ च राहते, म्हणजे सगळी फलने सतत असूनही त्यांची सीमा सतत राहत नाही. असे का झाले आणि कोणती अट घातली असती तर झाले नसते, याचा शोध स्वतः घ्या.

पुढचा दीड महिना लिनिअर अल्जिब्रा. इथे तुम्हाला आकडेमोड येत असणार. मॅट्रिक्सचे रूप बदलणे, निश्चयक काढणे हे तुम्ही केलेले आहे. त्यामागचा अर्थ आता धरायचा आहे. तीन मितींच्या अवकाशातून दोन मितींच्या अवकाशात जाणारे कोणतेही रेषीय रूपांतर शून्येतर अशा एका तरी सदिशाला शून्यावर नेतेच, हे रँक आणि नलिटीच्या प्रमेयावरून दोन ओळींत लिहिता आले पाहिजे. शेवटचा दीड महिना ग्रुप थिअरीला द्या. ज्या ग्रुपमधील घटकांची संख्या मूळ संख्या आहे तो ग्रुप चक्रीय असतो, हे लाग्रांजच्या प्रमेयावरून सिद्ध करा. मग सहा घटकांचे ग्रुप किती प्रकारचे असतात ते स्वतः शोधा. उत्तर दोन असे आहे, हे मी सांगून टाकतो. उत्तराला महत्त्व नाही, दोनच का हे लिहिण्याला आहे.

रोजची पद्धत साधी ठेवा. एक प्रमेय वाचा, पुस्तक मिटा, सिद्धता लिहा. अडकलात तर फक्त अडकलेली ओळ पाहा आणि पुन्हा मिटा. दुसऱ्या दिवशी सकाळी, काहीही न पाहता, तीच सिद्धता पुन्हा लिहा आणि प्रत्येक अट कुठे वापरली तिथे खूण करा. दिवसाला दोन तास पुरतात, पण ते सलग हवेत आणि मुलगी झोपेतून उठण्यापूर्वीचे असले तर बरे. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची या तिन्ही विषयांवरची व्याख्याने विनामूल्य आहेत. ती पाहा, मात्र पाहिलेल्या एका तासामागे दोन तास लिहा, नाहीतर सगळे समजल्याचा भास होतो आणि कागदावर काहीच उतरत नाही.

संशोधनप्रकल्पाची तुम्हाला वाटणारी धास्ती अनाठायी आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात नवे प्रमेय शोधून काढण्याची अपेक्षा नसते. एखादा विषय मुळापासून वाचून, त्यातल्या सिद्धता स्वतःच्या शब्दांत पूर्ण करून, उदाहरणांसह तो मांडणे एवढेच अपेक्षित असते. उदाहरण द्यायचे तर, कोणत्या मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेने लिहिता येतात हा प्रश्न घ्या: ५ म्हणजे १ अधिक ४, १३ म्हणजे ४ अधिक ९, पण ७ आणि ११ तशा लिहिता येत नाहीत. चारने भागल्यावर १ बाकी उरणाऱ्या मूळ संख्या तशा लिहिता येतात आणि ३ बाकी उरणाऱ्या येत नाहीत. याची रिंग थिअरीतून येणारी सिद्धता इतकी देखणी आहे की तिच्यावर एक चांगला प्रकल्प उभा राहतो. विषय निवडताना मार्गदर्शकांशी दुसऱ्या सत्राच्या शेवटीच बोला. लेटेक या गणिती मजकूर टंकण्याच्या प्रणालीत टंकलेखन शिकून घ्या आणि इंटरनेटवरून उचललेला एकही परिच्छेद त्यात ठेवू नका.

प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे ४ श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तास. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हे कुठे करायचे, याबाबत अजून अनेक महाविद्यालयांत गोंधळ आहे, आणि मला तो विद्यार्थ्यांवर अन्यायकारक वाटतो. जिथे कारखाने, बँकेची मोठी कार्यालये किंवा सॉफ्टवेअरच्या कंपन्या नाहीत अशा तालुक्याच्या गावी तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. क्षेत्रप्रकल्पाचा पर्याय त्यासाठीच आहे. एखाद्या शाळेबरोबर गणित-अध्यापनाचे काम यात धरतात का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. इतकी वर्षे वर्ग घेतल्याचा तुमचा अनुभव तिथे उपयोगी पडू शकतो. स्वतःचे खासगी वर्ग यात धरले जातील असे मात्र गृहीत धरू नका.

एखादा विषय राहिला तर एटीकेटी मिळते, पण पहिल्या वर्षाचे किमान किती श्रेयांक मिळाल्यावर दुसऱ्या वर्षात जाता येते, याचा नियम विद्यापीठाच्या नियमावलीत पाहून ठेवा. अंतर्गत आणि सत्रान्त परीक्षेत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते का हेही पाहा. वर्गचाचणीला गैरहजर राहिल्यामुळे अंतर्गत गुणांत राहिलेली आणि त्या एका चाचणीसाठी पुढचे वर्ष अडकलेली एक हुशार विद्यार्थिनी मला अजून आठवते. तिच्या मुलाला त्या दिवशी ताप होता आणि तिने तसा अर्ज देण्याचे राहून गेले होते. असा प्रसंग आला तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रावरून सुचली म्हणून लिहितो. ‘शाळेच्या गणितात इतकी वर्षे गेली, आता उच्च गणित कसे जमणार’ असे तुम्ही विचारले आहे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे द. रा. कापरेकर बी.एस्सी.पर्यंतच शिकले होते, आणि ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. मी हे पदवी नको असे सुचवण्यासाठी सांगत नाही. तुम्हाला जी नोकरी हवी आहे तिला पदवी लागतेच. पण शाळेच्या मुलांबरोबर संख्यांत घालवलेली वर्षे गणितापासून दूर गेलेली वर्षे नसतात. नववीच्या मुलाने ‘दोनचे वर्गमूळ अपूर्णांकात का लिहिता येत नाही?’ असे विचारले असेल आणि तुम्ही ते फळ्यावर पटवून दिले असेल, तर तुम्ही एक संपूर्ण सिद्धता पाठांतराशिवाय दिलेली आहे, आणि ती तुम्हाला समजलेली होती.

येत्या महिन्यात दोन कामे करा. एखाद्या दुपारी त्या महाविद्यालयात जाऊन गणित विभागप्रमुखांना भेटा आणि चार गोष्टी विचारा: विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, ऐच्छिक पेपरांपैकी प्रत्यक्षात कोणते शिकवले जातात, क्षेत्रप्रकल्पात काय चालते आणि मागील दोन वर्षांत पहिल्या सत्रात किती विद्यार्थी सगळ्या विषयांत उत्तीर्ण झाले. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ते ज्या मोकळेपणाने देतील त्यावरून विभागाची कल्पना येईल. आणि क्ष चा वर्ग ० ते १ वर एकसमान सतत आहे याची सिद्धता, तसेच ‘क्रमिका सीमेकडे जात नाही’ याचे एप्सिलॉनच्या भाषेतील वाक्य, अशा दोन गोष्टी पुस्तक मिटून लिहा आणि या सदराच्या पत्त्यावर मला पाठवा. खाडाखोड केलेला कागदच पाठवा, तो नेटका उतरवून काढू नका. तुम्ही कुठे अडखळता ते मला खाडाखोडीतच दिसेल, आणि पुढचा अभ्यास कुठून सुरू करायचा ते त्यावरून कळवीन.